नोराचा हिशेब: 'अ डॉल्स हाउस'मधलं लग्न, पैसा आणि सत्ता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनचं हे नाटक मी किती वेळा मोठ्याने वाचलं आणि इतरांकडून वाचून घेतलं, याची मोजदाद राहिलेली नाही. दर वेळी चर्चा शेवटच्या दारापाशी जाऊन अडकते. नोरा घर सोडून गेली ते बरोबर की चूक? प्रश्न मोठा आहे, पण त्या दारापर्यंत नाटककार आपल्याला ज्या वाटेने नेतो ती वाट पैशाची आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कुणी कुणाला किती दिले, कुणी लपवले, कुणी फेडले, एवढं नीट पाहिलं तरी हे लग्न आतून कसं आहे ते दिसायला लागतं. म्हणून इथे नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं त्या बाजूने दिली आहेत.

नाटकाची गोष्ट थोडक्यात काय आहे?

नॉर्वेतलं एक मध्यमवर्गीय घर. नाताळच्या आदल्या दिवशी गोष्ट सुरू होते आणि तीन दिवसांत संपते. टोर्वाल हेल्मर पेशाने वकील आहे, आता बँकेचा मॅनेजर होणार आहे. नोरा त्याची बायको. लग्नाला आठ वर्षं झाली, तीन मुलं आहेत. काही वर्षांपूर्वी टोर्वाल मरणाच्या दारात होता, तेव्हा नोराने त्याच्या नकळत कर्ज काढून त्याला हवापालटासाठी इटलीला नेलं आणि वाचवलं. त्या कर्जासाठी तिने वडिलांची खोटी सही केली होती. कर्ज देणारा क्रोग्स्टाड आता टोर्वालच्याच बँकेत नोकरीला आहे आणि टोर्वाल त्याला काढून टाकायला निघाला आहे. क्रोग्स्टाड नोराला धमकावतो. सत्य बाहेर येतं, नवरा तिच्यावर तुटून पडतो. मग धोका टळतो आणि तो लगेच माफ करायला तयार होतो. नोरा मात्र निघून जाते.

पुस्तक ४ डिसेंबर १८७९ला कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झालं आणि पहिला प्रयोग त्याच महिन्यात, २१ तारखेला, तिथल्याच रॉयल थिएटरमध्ये झाला.

पैसा नाटकात नेमका कुठून शिरतो?

पहिल्याच मिनिटाला. पडदा उघडतो, नोरा बाजारहाट करून घरी येते. मागून हमाल नाताळचं झाड घेऊन आलेला असतो. किती झाले, असं ती विचारते. तो म्हणतो ५० ओरे. १०० ओरेंचा एक क्रोनर. नोरा त्याच्या हातावर पुरा क्रोनर ठेवते आणि उरलेले राहू दे म्हणते. नाटकातला हा पहिला व्यवहार. बाई उधळी आहे, असं आपलं लगेच मत होतं. ते व्हावं अशीच इब्सेनची इच्छा आहे, कारण पुढच्याच क्षणी आतल्या खोलीतून नवराही तेच म्हणतो.

मग टोर्वाल बाहेर येतो. बायकोचं तोंड उतरलेलं बघतो आणि पाकीट काढतो. नोरा नोटा मोजते: दहा, वीस, तीस, चाळीस. ४० क्रोनर, नाताळच्या घरखर्चासाठी. तुला भेट काय हवी असं तो विचारतो तेव्हा ती आढेवेढे घेत, त्याच्या कोटाच्या बटणांशी खेळत, पैसेच मागते. सोनेरी कागदात गुंडाळून झाडाला टांगीन म्हणते.

हा प्रवेश वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो दुसऱ्या वाचनापासून. पहिल्या वाचनात ती लाडावलेली वाटते. दुसऱ्या वाचनात आपल्याला ठाऊक असतं की हप्ता भरायचा आहे, हातात दुसरा पैसा नाही आणि तो मिळवायचा एकच रस्ता तिला मोकळा ठेवलेला आहे: लाडात येणं. बटणांशी खेळणारी ती बोटं गेली काही वर्षं कर्ज फेडत आली आहेत.

कर्ज किती होतं?

१२०० स्पेसिडालर, म्हणजे ४८०० क्रोनर. नोरा दोन्ही आकडे सांगते. नॉर्वेत १८७५ साली चलन बदललं, जुन्या एका स्पेसिडालरचे चार क्रोनर झाले. कर्ज जुन्या नाण्यांच्या काळात काढलेलं, फेड मात्र नव्या नाण्यांत चाललेली. त्या काळच्या प्रेक्षकाला हा बारकावा सहज कळला असणार, त्याच्याही घरात दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू असतील.

आकडा किती मोठा ते नाटकातच मोजता येतं. टोर्वालने तिच्या हातावर ठेवलेल्या ४० क्रोनरच्या १२० पट.

नवऱ्याला सांगून का काढलं नाही?

याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं कायद्याचं. तेव्हाच्या नॉर्वेत लग्न झालेली बाई कायद्याने सज्ञान नव्हती. नोराची जुनी मैत्रीण क्रिस्टिने लिंडे हे सरळ बोलूनही दाखवते: नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही. गंमत अशी की अविवाहित बाईला १८६३च्या कायद्याने ठराविक वयानंतर स्वतःचे व्यवहार स्वतः बघायचा हक्क मिळाला होता. म्हणजे मिळवलेला हक्क लग्नाच्या दिवशी हातातून जायचा.

दुसरं उत्तर नोरा स्वतः देते आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण बायकोचे देणेकरी आहोत हे कळलं तर टोर्वालच्या पुरुषी अभिमानाला ते सोसणार नाही, घरातलं सगळं सुख विस्कटेल, असं ती म्हणते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: मिंधेपण. बायकोने आठ वर्षं नवऱ्याचे पैसे घ्यावेत, खर्चाला मागावेत, यात कुणालाच मिंधेपण दिसत नाही. नवऱ्याने एकदा बायकोमुळे जीव वाचला असं मान्य करणं मात्र अशक्य. या घरात सत्ता कुणाकडे आहे हे ओळखायचं तर कोण मिंधं राहू शकतं आणि कोण राहू शकत नाही, एवढंच बघावं.

शिवाय टोर्वालला कर्जाचा तिटकारा आहे. उसनवारीवर उभं राहिलेलं घर मोकळं नसतं, सुंदरही नसतं, असं त्याचं मत. तो हे मनापासून म्हणतो. ज्या घरात उभा राहून म्हणतो, त्यात तो जिवंत आहे तो कर्जामुळेच, हे त्याला ठाऊक नाही.

तिने ते फेडलं कसं?

घरखर्चातून फार वाचवता येत नव्हतं, कारण नवऱ्याच्या खाण्यापिण्यात कसर करून चाललं नसतं. मुलांच्या कपड्यांचे पैसे मुलांवरच खर्च व्हायला हवेत, असं तिचं मन सांगायचं. मग उरली ती स्वतः. कपड्यांसाठी मिळालेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त तिने कधी वापरले नाहीत, साधी स्वस्त कापडं घेतली. साधं कापडसुद्धा आपल्याला शोभतं म्हणून टोर्वालच्या लक्षात आलं नाही, असंही सांगते. चांगलं नेसायची हौस नव्हती असं नाही. हौस होती, ती मारली.

आणि तिने कामही केलं. आदल्या हिवाळ्यात कागदपत्रांच्या नकला उतरवून देण्याचं बरंच काम मिळालं. रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून रात्री उशिरापर्यंत ती लिहीत बसायची. दमून जायची, पण बसून काम करण्यात आणि पैसे मिळवण्यात एक वेगळीच मजा होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं, असं ती क्रिस्टिनेला सांगते.

आता याला जोडून टोर्वालचं बोलणं आठवावं. गेल्या नाताळच्या आधी तीन आठवडे तू रोज मध्यरात्रीपर्यंत स्वतःला कोंडून घेऊन झाडासाठी फुलं करत होतीस, आयुष्यात इतका कंटाळा कधी आला नव्हता, असं तो हसत म्हणतो. फुलांचं पुढे काय झालं? मांजराने फाडली म्हणे. इब्सेन इथे काही फोड करून सांगत नाही. दोन वाक्यं दोन ठिकाणी ठेवतो. ज्या तीन आठवड्यांत बायको पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कमावत होती, त्यांची नवऱ्याकडची आठवण काय? कंटाळा.

म्हणजे नोरा दुबळी नव्हती?

मुळीच नव्हती. तिने सावकाराशी बोलणी केली, व्याज आणि हप्ते सांभाळले, आजारी माणसाला परदेशी नेऊन बरं करून आणलं. पैसे वडिलांनी दिले, असं सगळ्यांना सांगून ते वर्षानुवर्षं निभावलं. क्रिस्टिने तिला पोर म्हणते तेव्हा ती चिडून हे गुपित फोडते ते याचसाठी. माझ्याकडेही अभिमान वाटावा असं काही आहे, असं तिला कुणाला तरी सांगायचं असतं.

पुढे जाऊन ती आणखी एक गोष्ट बोलून जाते. टोर्वालला हे कधी सांगशील का, असं विचारल्यावर ती म्हणते, कदाचित पुष्कळ वर्षांनी, मी आजच्यासारखी देखणी राहिले नसेन तेव्हा. नटणं, नाचणं त्याला गोड लागेनासं होईल, तेव्हा काहीतरी राखून ठेवलेलं बरं. हे प्रेमात आंधळ्या झालेल्या बाईचं बोलणं नव्हे. आपल्या घरातल्या जागेची मुदत किती, हे तिला पक्कं माहीत आहे आणि म्हातारपणाची तरतूद म्हणून तिने एक उपकार जपून ठेवला आहे.

खोटी सही हा खरोखर गुन्हा होता का, की नाटकापुरतं प्रकरण वाढवलं आहे?

गुन्हा होताच. कर्जाला जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती. वडील मरणाच्या दारात होते, नवऱ्याचा आजार त्यांना सांगणं तिच्या जिवावर आलं. ती स्वतः बाळंतपणाला टेकलेली. तिने सही केली आणि तारीख घातली २ ऑक्टोबर. वडील गेले होते २९ सप्टेंबरला. मेलेल्या माणसाने तीन दिवसांनी सही केली! क्रोग्स्टाड हे तिच्यापुढे ठेवतो आणि तिचं ती मान्यही करते.

कायदा हेतू विचारत नाही, असं क्रोग्स्टाड सांगतो. मग तो कायदाच वाईट असला पाहिजे, असं ती म्हणते. मरणाऱ्या बापाचा घोर वाचवायला मुलीला परवानगी नाही, नवऱ्याचा जीव वाचवायला बायकोला परवानगी नाही, हे तिला पटतच नाही. तिला कायद्याचं ज्ञान नाही हे खरं. पण जिला स्वतःच्या सहीने कर्ज काढायची सोयच नाही, तिला दुसऱ्याच्या सहीचा मोह होणार, हेही तितकंच खरं. क्रोग्स्टाडच्या हातूनही पूर्वी असाच गुन्हा झालेला आहे आणि त्याची अब्रू त्यात गेली आहे. नाटकातले हे दोन गुन्हेगार एकमेकांसमोर बसतात तो प्रवेश नीट वाचला, तर क्रोग्स्टाडला खलनायक म्हणवत नाही.

खार, चंडोल ही लाडाची नावं इतकी का खटकतात? नवरा-बायकोत असं चालतंच की.

चालतं. नावं वाईट नाहीत. ती कधी वापरली जातात ते बघावं. टोर्वाल तिला पाखराची आणि खारीची नावं देतो ती बहुतेक पैशाचा विषय निघाला की. उधळं पाखरू, गोड पण महागडं, अशा पोसण्याच्या खर्चाच्या भाषेत. माणूस पाळीव प्राण्याबद्दल बोलतो तसं.

बाकी बंधनंही लाडाच्याच आवाजात येतात. दात किडतील म्हणून मॅकरून (बदामाची गोड बिस्किटं) खायचे नाहीत, ती खिशात लपवून खाते. नाचाच्या वेळी कोणता पोशाख घालायचा ते तो ठरवतो. परक्या लिंडेबाईंनासुद्धा तो सांगतो की विणकाम करू नका, भरतकाम करा, करताना बाई जास्त छान दिसते. कुठेही आवाज चढत नाही. हे सगळं इतकं प्रेमळ आहे की नोराला त्याविरुद्ध बोलायला शब्दच सापडत नाहीत, आणि ते सापडायला तिला आठ वर्षं लागतात.

पत्रपेटीची किल्ली इतकी महत्त्वाची का?

घरात येणारं प्रत्येक पत्र त्या पेटीत पडतं आणि किल्ली एकच, ती टोर्वालकडे. क्रोग्स्टाडचं पत्र पेटीत पडलेलं नोराला दिसतं, पण काढता येत नाही. स्वतःच्या घरातली, आठ वर्षं जिच्यासमोरून ती रोज ये-जा करते ती पेटी! ती केसातल्या पिनेने कुलूप उघडायचा प्रयत्न करते. पिन मोडते. टोर्वालला मोडकी पिन सापडते, तर मुलांचं काम असेल म्हणून ती वेळ मारून नेते.

सत्ता म्हटलं की आपल्याला मारझोड, आरडाओरडा आठवतो. इथे कुणी कुणाला बोटही लावलेलं नाही. एक लहानशी किल्ली आहे, आणि ती बायकोला का नाही असा प्रश्न घरात कुणालाच कधी पडलेला नाही.

टोर्वाल खलनायक आहे का?

नाही. त्याला खलनायक केलं की नाटक मरतं, हे मी वाचनात पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे. टोर्वालचं काम वाचणारा माणूस छद्मी आवाज लावतो तेव्हा नोरा बावळट वाटू लागते, अशा माणसाबरोबर आठ वर्षं राहिली कशाला! तोच भाग मनापासून, खऱ्या मायेने वाचला की घास घशात अडकतो.

तो कष्टाळू आहे. संशयास्पद खटले घेत नसल्याने वकिलीत हाल काढले आहेत. पण लोक काय म्हणतील, हे त्याच्या चांगुलपणाचं मोजमाप आहे. क्रोग्स्टाडला का काढतोस, असं नोरा विचारते, तेव्हा खरं कारण बाहेर येतं. त्याची खोटी सही वगैरे टोर्वालने चालवूनही घेतली असती. पण तो जुन्या ओळखीने चारचौघांत त्याला एकेरी हाक मारतो! शिवाय आता माघार घेतली तर नवा मॅनेजर बायकोच्या मुठीत आहे असं बँकेत पसरेल.

आणि पत्र वाचल्यावर तो जे बोलतो ते भित्र्या माणसाचं बोलणं आहे. खोटारडी, गुन्हेगार, बापाचेच गुण. तू घरात राहायचं, जगाला काही कळू द्यायचं नाही, मुलं मात्र तुझ्या हाती द्यायची नाहीत. तेवढ्यात दुसरं पत्र येतं, क्रोग्स्टाडने कर्जरोखा परत पाठवलेला असतो. मी वाचलो, असं टोर्वाल ओरडतो. नोरा विचारते, आणि मी? तूही अर्थातच. मग क्षमेचं भाषण: बायकोला माफ केलं की ती पुरुषाची दुहेरी मालमत्ता होते. मालमत्ता हा त्याचा शब्द आहे, आणि तो प्रेमाने वापरतो.

लिंडेबाई, आन-मारिए ही पात्रं कशासाठी आहेत?

नोराचं कर्ज हा एकटीचा अपवाद नाही हे दिसावं म्हणून. क्रिस्टिने लिंडेने प्रेम होतं त्या माणसाला नाकारून पैसेवाल्याशी लग्न केलं, कारण आई अंथरुणाला खिळलेली आणि दोन भाऊ लहान. नवरा मेला, धंदा बुडाला, हाती काहीच उरलं नाही, दुःख करावं असंसुद्धा काही नाही, असं ती सांगते. मग दुकान, छोटी शाळा, मिळेल ते काम करत भावांना वाढवलं. तिने नाकारलेला तो माणूस म्हणजे क्रोग्स्टाड. तिसऱ्या अंकात ती आपणहून त्याच्यापुढे एकत्र येण्याचा प्रस्ताव ठेवते, तेव्हा दोघंही कफल्लक आहेत आणि दोघांना एकमेकांबद्दल सगळं ठाऊक आहे. नाटकातलं एकच नातं जिथे हिशेब उघड्यावर मांडून सुरुवात होते.

दाई आन-मारिएचा प्रवेश जेमतेम पानभर आहे आणि प्रयोगात बऱ्याचदा तो घाईने उरकतात. वाईट वाटतं. तिने स्वतःची मुलगी परक्यांच्या हाती देऊन नोराला वाढवलं. तुला ते जमलं कसं, असं नोरा विचारते. एवढी चांगली जागा मिळत होती, फसलेल्या गरीब पोरीने ती सोडून चालेल का, असं उत्तर येतं. त्या मुलीची आजवर दोन पत्रं आली: एक धर्मदीक्षेच्या वेळी, एक लग्नाच्या. नोराला मुलं सोडून जाता येतात याचं एक कारण ही बाई आहे, आणि तिला ज्यासाठी मूल सोडावं लागलं त्याला कुणी बंड म्हटलेलं नाही.

डॉक्टर रांककडे नोराने पैसे का मागितले नाहीत?

मागणार होती. रांक हा या घराचा जुना मित्र. त्याला रेशमी मोजे दाखवते, थट्टामस्करी करते, विषयाकडे सरकत येते. तेवढ्यात तो आपलं प्रेम बोलून दाखवतो आणि ती एकदम मागे हटते. आता पैसे घेतले असते तर ते कशाचे, हे दोघांनाही कळलं असतं. नवऱ्याकडून लाडात येऊन घेतलेल्या पैशात आणि यात अंतर किती, हा विचार तिच्या मनात तेव्हा येत नसावा. वाचणाऱ्याच्या मनात येतो.

मुलांना टाकून जाणं कसं समर्थनीय ठरतं?

हा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कळवळून विचारला जाणारा प्रश्न. इब्सेनने जाणं सोपं केलेलं नाही. नोरा मुलांशी खेळते तो प्रवेश जिवंत आणि आनंदी आहे. म्हणूनच ती जाताना त्यांच्याकडे बघायलाही जात नाही, हे सोसत नाही. मीच अजून वाढलेली नाही, मी त्यांना काय वाढवणार, आधी मला स्वतःला शिकलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं, आणि मुलांचा विचार आला की तरीही दुखतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्यातली एक निवडणार नाही.

जर्मनीत हाच मुद्दा पेटला. हेडविग नीमान-राबे या नामवंत नटीने मी माझी मुलं कधी सोडणार नाही म्हणून तो शेवट करायला नकार दिला. तेव्हा नाटककाराच्या हक्कांना परदेशात संरक्षण नव्हतं, दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात टोर्वाल तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच खाली कोसळते. स्वतः इब्सेन त्या शेवटाला रानटी अत्याचार म्हणत असे.

बाहेर पडल्यावर ती जगणार कशावर?

हाच खरा पैशाचा प्रश्न. २६ डिसेंबर १९२३ला चिनी लेखक लू शुन यांनी बीजिंगमधल्या मुलींच्या अध्यापक महाविद्यालयात याच विषयावर व्याख्यान दिलं होतं: नोरा गेल्यानंतर काय? जागी झालेली मनं सोबत आहेत, पण पिशवीत पैसे नसतील तर तिच्यापुढे वाईट मार्गाला लागणं किंवा परत येणं यापलीकडे फारसे रस्ते नाहीत, असं त्यांनी मुलींना सांगितलं. आर्थिक हक्क आधी मिळवा. समोर बसलेल्या तरुण मुली नोरावर भाळलेल्या असताना हे सांगायला धैर्य लागतं.

नाटकात तिच्याजवळ काय आहे? नकला करून कमावल्याचा अनुभव, आणि रात्रीपुरता क्रिस्टिनेकडचा आसरा. एवढंच.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का?

बीज खरं आहे. इब्सेनच्या ओळखीची लेखिका लॉरा किलर हिने क्षयी नवऱ्याच्या उपचारासाठी गुपचूप कर्ज काढलं आणि त्याला इटलीला नेलं. फेडायची वेळ आली तेव्हा तिने आपलं हस्तलिखित इब्सेनकडे शिफारशीसाठी पाठवलं. ते त्याला पसंत पडलं नाही, त्याने नकार दिला. हताश होऊन तिने खोटा चेक केला, तो उघडकीला आला. नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, मुलं तिच्यापासून दूर केली. पुढे ती त्याच घरी परतली आणि आयुष्यभर लिहीत राहिली. नोरा म्हणजे तू, हे लोकांचं बोलणं तिला जन्मभर सोसावं लागलं. तिचं दुःख वापरून इब्सेनने अजरामर नाटक लिहिलं आणि तिला त्यातून काही मिळालं नाही, हे नाटकाच्या चाहत्यांनीही विसरू नये.

इब्सेन स्त्रीहक्कांचा पुरस्कर्ता होता ना?

१८९८ साली नॉर्वेतल्या स्त्रीहक्क संघटनेने त्याचा सत्कार केला, तेव्हा त्याने सांगितलं की मी जाणूनबुजून स्त्रीचळवळीसाठी लिहिलेलं नाही. हे वाक्य आजही त्याच्या विरोधात वापरतात. पण त्याची वागणूकही बघावी. १८७९मध्ये रोममधल्या स्कँडिनेव्हियन मंडळात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्याने ठराव मांडला, तो थोडक्यात पडला तेव्हा संतापला. १८८४मध्ये विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेसाठी नॉर्वेच्या संसदेकडे गेलेल्या निवेदनावर ब्यर्नसन, ली, किलँड या नॉर्वेजियन लेखकांबरोबर त्याची सही होती. १८८८मध्ये कायदा झाला: लग्न झालेली बाई सज्ञान ठरली, स्वतःच्या कमाईवर तिचा हक्क आला. सामाईक मालमत्तेचा कारभार मात्र नवऱ्याकडेच राहिला. मताचा हक्क सर्व स्त्रियांना १९१३ साली मिळाला.

पैशाची झळ त्याला लहानपणापासून माहीत होती. वडिलांचा व्यापार तो लहान असतानाच बुडाला.

मराठीत हे नाटक आलं का?

आलं. अनंत काणेकरांनी ते 'घरकुल' या नावाने मराठीत आणलं. मो. ग. रांगणेकरांच्या १९४२च्या 'कुलवधू'तल्या भानुमतीबद्दल बोलताना नोराचं नाव हमखास निघतं, पण तिथली नायिका नटी आहे आणि प्रश्न वेगळा आहे: बायकोचं नाव नवऱ्यापेक्षा मोठं झालं की घरात काय होतं.

शेवटी नोरा घरातून काय घेऊन जाते?

फक्त स्वतःचं. माहेरून आणलेल्या वस्तू दुसऱ्या दिवशी क्रिस्टिने येऊन बांधून नेईल, असं ती सांगते. अंगठी परत करते, त्याची मागून घेते. घराच्या किल्ल्या ठेवून देते.

टोर्वाल विचारतो, पत्र लिहू का? नाही. निदान काही पाठवू का, अडचणीत मदत करू का? नाही. मी परक्यांकडून काही घेत नाही, असं ती म्हणते.

हे वाक्य आलं की मी वाचणाऱ्यांना मागे पहिल्या अंकात जायला सांगते, पाकीट निघायच्या जरा आधी. समजा मी आज हजार क्रोनर उसने आणले, असं टोर्वाल समजावत असतो, आणि नववर्षाच्या आदल्या दिवशी डोक्यात कौल पडून मेलो, तर? तसं झालं तर कर्ज असलं काय नि नसलं काय, असं नोरा म्हणते. आणि ज्यांचे पैसे घेतले ते लोक? त्यांचं कोण बघतंय, ते तर परके. मूळ भाषेत दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे.